ग्रहणात सोललेले वाल

"कुणाला दिली?"

मला एकच किडनी आहे हे कळलं की माणसं पहिला प्रश्न हाच विचारतात. भावाला दिली, नवऱ्याला दिली, की वडिलांना? चेहऱ्यावर आदर तयारच असतो. कुणालाच दिली नाही, जन्माला आले तीच एक घेऊन, असं सांगितलं की आदर उतरतो आणि त्या जागी कीव येते. मग हमखास कुणीतरी म्हणतं, म्हणजे किडनी विकून महागाचा फोन घ्यायचा झाला तर तुझी पंचाईतच गं. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये हा विनोद माझ्यावर इतक्यांदा झालाय की हल्ली मीच तो आधी करून मोकळी होते. मी डोंबिवलीत एका शाळेत विज्ञान शिकवते. कीव केलेली मला खपत नाही आणि माझ्या नाकावर राग असतो, हेही आत्ताच सांगून ठेवते.

मला स्वतःला त्या नसलेल्या किडनीचं कधी दुःख झालं नाही. जे कधी नव्हतंच त्याची आठवण कुठून येणार? दुःख झालं ते माझ्या आईला. ते नेमकं कसलं होतं हे कळायला मात्र मला स्वतःला पोटुशी व्हावं लागलं.

आमचं गाव मानपाड्याला लागून. गाव म्हणायचं ते सवयीनं. भाताची शेतं होती तिथे टॉवर उभे राहिले आणि आमच्या वाट्याला एक चाळ उरली, तिच्यात एमआयडीसीतले कामगार भाड्यानं राहायचे. बाबा चाळीचं बघत आणि उरलेला सगळा वेळ गावच्या कबड्डीच्या संघाला देत. मी त्यांची एकुलती एक मुलगी.

प्राथमिक शाळेत असताना माझं पोट वरचेवर दुखायचं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. सोनोग्राफीवाल्यानं पोटावर गार जेल लावून यंत्र इकडून फिरवलं, तिकडून फिरवलं, मला कुशीवर वळवलं, आणि मग बाहेर जाऊन आणखी एकाला बोलावून आणलं. पोटदुखीचं कारण शेवटी जंत निघालं. पण त्या शोधाशोधीत माझ्या डाव्या बाजूला किडनीच नाही हे सापडलं.

डॉक्टर भला माणूस होता. आईबाबांना समोर बसवून म्हणाला, घाबरण्यासारखं काही नाही, कितीतरी माणसं एका किडनीवर म्हातारी होतात, पोरीला पाणी भरपूर पाजा आणि दुखण्याच्या गोळ्या उठसूट देऊ नका. आईला किडनी म्हणजे काय ते समजेना. तेव्हा त्यानं कागदावर दोन लहान आकार काढले आणि म्हणाला, "हे बघा ताई, वालाचा दाणा असतो ना, तशी असते. प्रत्येकाला दोन दाणे मिळतात, तुमच्या मुलीला एकच मिळालाय." आणि त्यानं एका दाण्यावर काट मारली.

पुस्तकात किडनीला राजम्याची उपमा असते, मी स्वतः मुलांना तीच देते. डॉक्टरनं आमच्या बाजूची माणसं ओळखून आम्हाला समजेल असा वाल निवडला. तो राजमा म्हणाला असता, काजू म्हणाला असता, तर माझ्या आईचं आयुष्य वेगळं गेलं असतं. मला आठवतं ते एवढंच, की आईनं माझा दंड घट्ट धरला होता आणि मला तो दुखत होता. बाबांनी बाहेर आल्यावर मला नारळपाणी पाजलं. आईनं रिक्षातही माझा दंड सोडला नाही.

त्या दिवसापासून आईनं मला पाण्यावर धरलं. सकाळी उठल्या उठल्या पाणी, शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवायच्या आत पाणी. "पानी प्यालीस का गो?" हे वाक्य मी आईच्या तोंडून जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा माझं नावही ऐकलं नसेल. कबड्डी बंद. आमच्या गावातल्या मुली चड्डी-बनियन घालून मैदानात उतरायच्या, चढाई करायच्या, ढोपरं फोडून घ्यायच्या, आणि मी गुण सांगायला बाजूला खुर्चीवर. लाथ लागली कमरेत तर काय घ्या, असं आईचं म्हणणं. मी रडून गोंधळ घातला, बाबाही मध्ये पडले, पण आईपुढे कुणाचं चाललं नाही.

आणि वाल बंद. आमच्याकडे वालाशिवाय पान हलत नाही. हळदीला बिरडं, बारशाला बिरडं, पाहुणा आला की बिरडं. वाल भिजवायचे, मोड काढायचे आणि मग घरातल्या बायकांनी परात मध्ये घेऊन एकेक दाणा सोलत गप्पा मारायच्या. आमच्या घरात मात्र त्या सोनोग्राफीनंतर वाल शिजले नाहीत. लग्नाच्या पंगतीत कुणी माझ्या पानात बिरडं वाढलं तर आई स्वतःच्या जागेवरून उठून येई आणि ते पानातून काढून घेई. लोक विचारत, का गो? आई म्हणे, "तिला चालत नाय." मला वाटायचं, एक किडनी असणाऱ्याला वाल बाधतात. हे मी इतकं खरं मानलं होतं की कॉलेजात ठाण्याला जायला लागल्यावर मैत्रिणींच्या डब्यातली वालाची उसळही मी हात जोडून परत करायचे. विज्ञानाची पदवी घेतली, शरीरशास्त्र शिकवायला लागले, तरी त्या पथ्याची मी कधी शहानिशा केली नाही. आईनं घातलेलं पथ्य कोण पुस्तकात शोधत बसतं?

लग्न होऊन मी कल्याणला राहायला आले. दिवस गेल्यावर माझ्या डॉक्टरीणबाईंनी खबरदारी म्हणून मला ठाण्याच्या एका किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तपासलं, रक्तदाब पाहिला, सगळं उत्तम आहे म्हणाले. पथ्य विचारलं तेव्हा मी शहाण्या विद्यार्थिनीसारखं सांगितलं, वाल तर मी लहानपणापासूनच खात नाही. ते हसायला लागले. "वालांनी तुमचं काय घोडं मारलंय? खा की खुशाल." मला आधी हसू आलं आणि मग राग. इतकी वर्षं मी बिरड्याचा वास घेत बसले होते. जाब विचारायचाच असं ठरवून टाकलं.

संधी लगेच आली. त्या वर्षी दिवाळीत सूर्यग्रहण होतं. ग्रहणाच्या आदल्या दिवशी आई पिशवी घेऊन कल्याणला आमच्या दारात हजर. बाबा गेल्यापासून ती मानपाड्याच्या घरी एकटीच असायची, पण मुक्कामाला कधी येत नसे; चाळीतल्या नळाला कोण बघणार, हे कारण. या वेळी मात्र तिनं नळ, चाळ, भाडेकरू सगळं वाऱ्यावर सोडलं होतं. मला पाचवा लागणार होता. आमच्यात गर्भारणीनं ग्रहण पाळायचं असतं: काही चिरायचं नाही, कापायचं नाही, सोलायचं नाही, शिवायचं नाही, नाहीतर पोटातल्या बाळाच्या अंगात खोट येते. आता मी म्हणजे ग्रहणात वर्गाला गच्चीवर नेऊन, ग्रहणाच्या खास चष्म्यातून सूर्य दाखवून वर मुद्दाम बिस्किटं खायला लावणारी बाई. माझ्याच घरात हे नाटक म्हटल्यावर नाकाला मिरच्या झोंबल्या. पण आईचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, जाऊ दे, दीडदोन तासांचा प्रश्न आहे. नवऱ्याला ड्यूटी होती, घरात आम्ही दोघीच होतो.

दुपार कलल्यावर आईनं बेडरूमचे पडदे ओढले, मला पलंगावर बसवलं आणि समोर बसली.

"हात दे तुजे. दोनी."

मी दिले. तिनं ते स्वतःच्या हातांत घट्ट धरले.

"अशीच बसणार तू?"

"सुटं पावेतो अशीच."

खोलीत अंधार, बाहेर कुणाची तरी दिवाळीची गाणी चालू. तिचे तळवे खरखरीत आणि गरम होते. मला वाटलं, आता विचारावं. मी म्हटलं, "आई, ठाण्याचे डॉक्टर म्हणाले वाल खाल्ले तर काही होत नाही. मग तू मला का दिले नाहीस कधी?"

 ती खाली बघून बोलायला लागली.

मी तिच्या पोटात होते तेव्हाही दिवाळीच्या सुमाराला असंच सूर्यग्रहण आलं होतं. आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, तिला सकाळीच आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. आई तेव्हा विशीतली, चोवीस तास कामाला जुंपलेली. हात रिकामे ठेवून बसायचं कसं असतं हेच तिला माहीत नव्हतं. कोपऱ्यात मोड आलेले वाल होते. ग्रहणानंतर आजी ते टाकून देणार हे तिला दिसत होतं आणि जीव तुटत होता. कापायचं तर काही नाही, नुसतं साल काढायचं, असं म्हणत तिनं परात ओढली आणि अंधारात वाल सोलत बसली. आजी आत आली तेव्हा आईच्या मांडीवर सालींचा ढीग होता.

"ती मना बोलली, गिरानात हात चालवलास, आता पोराचा काय झाला तं रडत येव नको."

मी जन्मले तेव्हा आईनं म्हणे मला दिव्याखाली धरून तपासलं. ओठ बघितले, कान बघितले, हातापायांची बोटं बघितली. सगळं जागच्या जागी. "मना वाटला, देवानी माफ केला." आणि मग मी शाळेत जायला लागल्यावर, सगळं विसरायला झाल्यावर, तो डॉक्टर कागदावर वालाचा दाणा काढून त्याच्यावर काट मारता झाला.

"तो बोलला नं वालाचा दाना, तवाच मना कलला. तुजा दाना मी सोलून टाकला गो."

इतकं बोलून ती रडली. माझे हात तिच्या हातांत असल्यामुळे तिला डोळे पुसता येईनात.

मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगते. मला आनंद झाला. इतका सोपा प्रश्न आणि उत्तर माझ्याजवळ! मी तिला विचारलं, तेव्हा तुला कितवा होता? सातवा, ती म्हणाली. "अगं मग झालं तर," मी जवळजवळ ओरडलेच. "किडनी दुसऱ्या महिन्यात घडायला लागते. माझी एक घडलीच नाही, ती तेव्हाच. तू ते वाल दुकानातून आणलेसुद्धा नव्हतेस तेव्हापासून माझी एकच आहे!" वर्गात समजावते तसं मी तिला समजावलं, दोनदा, तीनदा. पोटातलं बाळ, त्याचे महिने, काय कधी तयार होतं. तुझ्या हातून काहीही झालेलं नाही आई, ग्रहण आलं काय नि गेलं काय.

"खरा बोलतेस?"

"खरं."

"पुस्तकात हाय?"

"पुस्तकात आहे."

तिनं माझे हात सोडले. ग्रहण अजून सुटायचं होतं. उठून ती स्वयंपाकघरात गेली आणि पेलाभर पाणी ओतून प्यायली. माझ्या आईनं भर ग्रहणात पाणी पिणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, मी जिंकले, आई सुटली. रात्री नवऱ्याला मी हे कौतुकानं सांगितलं आणि शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आईनं सकाळी चहासुद्धा अर्धाच घेतला. मी म्हटलं, मोकळं व्हायलाही माणसाला वेळ लागत असेल. संध्याकाळी नवरा त्याच्या बहिणीकडे ठाण्याला गेला आणि मी दरवर्षीप्रमाणे तबक तयार केलं. ज्या बाईला भाऊ नाही तिनं भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं अशी रीत आहे. मी देवाधर्माची नाही, पण हे मात्र लहानपणापासून करत आले. सगळ्या मैत्रिणी भावांना ओवाळत असताना मला आईनं चंद्र दिला होता आणि मी तो आपला मानला होता. गॅलरीत जाऊन बघितलं तर समोरच्या इमारतींमागे कुठेच चंद्र दिसेना. दुसऱ्याच दिवसाची कोर ती, दिसणार कुठून. मी अंदाजानं पश्चिमेला तोंड करून निरांजन ओवाळलं.

मागून आई म्हणाली, "त्या वालांनी खरंच काय झाला नाय?"

"नाही गं आई. किती वेळा सांगू?"

"मंग मी दुसरा पोर कशाला काढून टाकला?"

तबक माझ्या हातात तसंच राहिलं.

ते मला कळलं ते असं. मला एकच किडनी असल्याचं कळलं त्याच्या पुढच्या वर्षी आईला पुन्हा दिवस गेले होते. तिनं बाबांना सांगितलंच नाही. ग्रहणाचा दोष आपल्या हाताला लागलाय, पहिल्याचा एक दाणा गेला, दुसऱ्याचं काय जाईल, या भीतीनं ती आंबिवलीला मावशीकडे गेली आणि तिथून एका दवाखान्यात जाऊन मोकळी होऊन आली. बाबांना, आजीला, कुणालाच पत्ता नाही. मला ते दिवस आठवत होते. आई मावशीकडून आली ती पिवळी पडून, आणि माझ्यासाठी खाऊ आणला नाही म्हणून मी तिच्याशी अबोला धरला होता.

"पोरगा का पोरगी, ते पन ठाव नाय," ती म्हणाली. "पन त्याच्यात तं काय खोट नव्हती नं? माज्या हातात दोष नव्हता, तं तो आला असता. तुजा भाऊ झाला असता." ती भिंतीला टेकून खाली बसली.

मी तिला आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं. वालाच्या दोषाबरोबर ती इतकी वर्षं नांदली होती, त्याचं प्रायश्चित्त तिनं ठरवलं होतं: मला पाणी पाजायचं, स्वतः वाल खायचे नाहीत, पुन्हा मूल होऊ द्यायचं नाही. ती दोषी होती तोवर त्या न झालेल्या मुलालाही काही अर्थ होता. काल मी तिला निर्दोष ठरवलं आणि त्या मुलाच्या जाण्याला काही कारणच ठेवलं नाही. पुस्तकात याच्यावर उत्तर नव्हतं. मला माझ्या हुशारीचा इतका संताप आला की ते तबक फेकून द्यावंसं वाटलं.

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. म्हटलं, "आई, ऐक. मी काल अर्धंच सांगितलं."

तिनं वर पाहिलं.

"पुस्तकात किडनीचं लिहिलंय. ग्रहणाचं पुस्तकात कुठे असतं? मोठमोठे डॉक्टरसुद्धा सांगतात, काही गोष्टी आम्हालाही कळत नाहीत म्हणून. ते ग्रहणच होतं आई. ग्रहणानंच माझी किडनी गेली."

"नक्की?"

"नक्की."

"मंग दुसऱ्याला पन लागला असता?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी डोळे मिटून म्हटलं, "लागला असता. तू केलंस ते बरंच केलंस."

माझ्या तोंडून हे वाक्य गेलं, पोटात मूल असताना. आईनं पदरानं तोंड पुसलं, एक सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "वात इजली बघ." मग तिनंच उठून निरांजन पुन्हा लावलं. रात्री ती पोटभर जेवली.

पुढच्या आठवड्यात माझी सोनोग्राफी झाली. बाळाला दोन्ही किडन्या होत्या, अगदी ठळक दिसत होत्या. फोनवर सांगितल्यावर आई म्हणाली, "होतीलच. मी हात धरून ठेवले नं तुजे." ग्रहण सुटायच्या आत तिनं ते सोडले होते, हे ती विसरून गेली होती. मी म्हटलं, हो आई, तू होतीस म्हणून. शाळेत मी अजूनही ग्रहण शिकवते आणि मुलांना बिस्किटं खायला लावते.

गेल्या वर्षी आई गेली. पोटाचा कर्करोग, उशिरा कळलेला. कल्याणच्या इस्पितळात मी तिच्याजवळ असायचे. एका दुपारी ती शुद्धीत होती आणि दुखणं जरा कमी होतं. तिनं माझा हात शोधून धरला.

"माज्या हातशी झाला, त्याची माफी कर गो."

मला ओरडून सांगावंसं वाटलं की तू काही केलेलं नाहीस, कधीच केलं नव्हतंस, ते वाल होते, नुसते वाल होते. ओठापर्यंत आलं होतं. पण ते बोलले असते तर तिला शेवटचे दिवस त्या दुसऱ्या लेकराच्या हिशेबात काढावे लागले असते. ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती.

"माफ केलं, आई," मी म्हटलं.

तिचा हात सैल पडला. जरा वेळानं तिनं डोळे उघडून उशाशी ठेवलेल्या माझ्या बाटलीकडे पाहिलं. सकाळपासून ती भरलेलीच होती.

"पानी प्यालीस का गो?"

मी बाटली उघडली आणि तिला दिसेल अशी सगळी प्यायले.